आजूबाजूचं कोरं

सभा सुरू व्हायच्या आधीच आईने शेजारच्या खुर्चीवर पिशवी टाकून त्याच्यासाठी जागा धरली होती. "आलास? बरं झालं. ये, बस," तिने लांबूनच हात केला. त्याने मानेनेच नको म्हटलं आणि तो शाळेच्या त्या हॉलच्या दाराशीच उभा राहिला. खिशात डिंकाची ट्यूब होती. तिचं टोपण तो उघडत होता, लावत होता, पुन्हा उघडत होता.

हॉलच्या मधोमध टेबलावर नव्या इमारतीचं मॉडेल मांडलं होतं. गल्लीतला बंद पडलेला बैठा छापखाना पाडून तिथे वीस मजले चढवायचे होते. आजवर या गल्लीत चार मजल्यांच्या वर परवानगी नव्हती. आता तो नियमच बदलायचं घाटत होतं, आणि लोकांचं म्हणणं ऐकून घ्यायला नगरपालिकेचा अधिकारी येऊन बसला होता.

मॉडेल त्याच्या हातचं होतं. बिल्डरच्या ऑफिसात कुणाला ठाऊक नव्हतं की आपला मॉडेलवाला याच गल्लीत राहतो, आणि घरी ठाऊक नव्हतं की तो सध्या कशाचं मॉडेल करतोय. दोन डगरींवर हात ठेवून त्याने दिवस काढले होते, आणि आज दोन्ही डगरी एकाच हॉलमध्ये येऊन बसल्या होत्या. त्यात विरोध करणाऱ्यांची पुढारी त्याची आईच. तिला गल्लीत तोंडावर काकू म्हणत आणि पाठीमागे तोफ.

"सावलीची काळजी अजिबात नको," बिल्डरची आर्किटेक्ट बाई सांगत होती. "आम्ही अभ्यास केलाय. कुणाच्याही घरातलं ऊन अडत नाही."

"अभ्यास तुमचा, घरं आमची," आई बसल्या जागेवरून म्हणाली.

छापखान्याच्या मागे राहणारा चष्मेवाला उठला. छापखान्याबरोबर त्याचं घरही पाडलं जाणार होतं आणि बदल्यात नव्या इमारतीत घर मिळणार होतं. "काकू, तुम्हाला ऊन पाहिजे, मला लिफ्ट पाहिजे. बायकोचे गुडघे काय उन्हाने बरे होणार आहेत?"

"कोवळ्या उन्हाने होतातसुद्धा," मागून कुणीतरी म्हणालं. हॉल हसला, चष्मेवाला हसला नाही. त्याचंही खोटं नव्हतं.

मग बाईने सगळ्यांना मॉडेल बघायला बोलावलं आणि खुर्च्या सरकवत लोक टेबलाभोवती गोळा झाले. नव्या इमारतीकडे कुणी बघेचना. जो तो वाकून आपलं घर शोधत होता. पण बाकीची गल्ली म्हणजे नुसते पांढरे ठोकळे. आजूबाजूचं कोरं ठेवायचं, म्हणजे नजर नव्या इमारतीवरच राहते, हा त्या धंद्यातला पहिला धडा.

"आमचं हे का ते?"

"काय कळतंय! साबणाच्या वड्या मांडल्यात सगळ्या."

टोपण उघडलं, लागलं. त्याला फक्त एका ठोकळ्याची धास्ती होती. शेवटच्या दिवशी हाताने त्याचं ऐकलं नव्हतं. त्या ठोकळ्याला त्याने नखाएवढी खिडकी कापली होती. खिडकीवर कोपऱ्यात वाकलेला पत्रा, खाली कठड्याच्या उजव्या टोकाला मोहरीएवढी कुंडी. एवढंसं कुणाला दिसतंय, म्हणून तसंच राहू दिलं होतं.

आईला दिसलं. "या बाईंना मी एकच विचारते की…" इतकं जोरात म्हणून ती मधेच थांबली. चष्मा कपाळावर सारून तिने डोळे ठोकळ्याजवळ नेले. घरच्या पत्र्याचा तो कोपरा लहानपणी त्यानेच चेंडू मारून वाकवला होता. आई हळूहळू सरळ झाली आणि तिने दाराकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली.

"काकू, बोला ना," कुणीतरी म्हणालं.

तेवढ्यात आर्किटेक्ट बाईचंही लक्ष गेलं. "अरेच्चा, हे काय? कोरं ठेवायला सांगितलं होतं मी," म्हणत तिने ती कुंडी खरवडायला नख पुढे केलं.

आईने तिचं मनगट धरलं. "राहू द्या. तिथे माणसं राहतात."

तिने त्याचं नाव घेतलं नव्हतं. घेणारही नव्हती. त्याची नोकरी तिने अशी मुठीत झाकून ठेवली. त्याला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण वाटली ती लाज. आई दुखावली की ओरडते, हे त्याला माहीत होतं. ती ओरडत नव्हती.

"कुंडी तेवढी चुकलीय," ती घरातल्यासारख्या बारीक आवाजात म्हणाली. "कठड्याच्या डाव्या टोकाला असते. सकाळचं ऊन तिकडून येतं."

मॉडेलमध्ये त्या ठोकळ्याच्या डावीकडेच नवी इमारत उभी होती.

"चुकलं असेल कारागिराचं," बाई हसून म्हणाली. "एवढ्याशा कामात होतं असं."

अधिकाऱ्याने मान डोलावली आणि पुढचा प्रश्न विचारायला कुणाकडे तरी बोट केलं. दाराशी ट्यूबचं टोपण खाली पडून घरंगळत गेलं. ते न उचलता तो माणसांतून वाट काढत टेबलापाशी आला.

"चुकलेलं नाही, आई," तो म्हणाला. "डावीकडे आता ऊन येणार नाही. उजवीकडे ठेवली तर दुपारचं थोडं तरी मिळेल."