रिव्हर्समध्ये गाव

घोड्याला पुढे जायचं नसलं की तो आधी कान मागे टाकतो. गाडीला कान नसतात.

सुसामिरच्या खोऱ्यात मरणाची बातमी रक्ताच्या माणसाला फोनवर देत नाहीत. काहीतरी निमित्त सांगून त्याला घरी आणतात, दोन्ही बाजूंना म्हातारी माणसं बसवतात, मग सांगतात.

मागच्या सीटवर शहरातल्या बेकरीतले मऊ पाव. मेदेरच्या आईला दात नाहीत.

केंजेचा फोन मेदेरच्या खिशात. मेदेरचा फोन केंजेच्या पर्समध्ये.

गिअर दाखवणारा हिरवा डी लुकलुकायला लागला तेव्हा घाटाचा अर्धा चढ बाकी होता.

मेदेरने अॅक्सिलरेटर दाबला. इंजिन बोंबललं, चाकं रांगत राहिली. त्याने गाडी कडेला घेतली आणि बंद केली.

"गिअरचा मेंदू फिरलाय," तो म्हणाला. "तिसऱ्यावर अडकून बसते. थोडा वेळ बंद ठेवली की सगळं विसरते आणि शहाण्यासारखी वागते."

"माणसांचंही असं असतं तर बरं होतं," केंजे म्हणाली.

मेदेरने तिच्याकडे चमकून पाहिलं. कळलं की काय हिला?

सकाळी फोन आला होता तो तोक्तोसुनचा, गावातल्या सगळ्यात वयस्क माणसाचा. "सुयुन्बाय गेला. त्याची केंजे शहरातच आहे, तिला घेऊन ये. तिला काही कळू देऊ नकोस. उद्या माती."

मेदेरने टॅक्सीची गिऱ्हाइकं सोडली आणि केंजेच्या दारात गाडी उभी केली. बापाची साखर वाढलीये, तुला बघायचं म्हणतोय, एवढंच सांगितलं. चार्जिंगला लावतो म्हणून तिचा फोन मागून घेतला. तिने मुकाट्याने दिला. वर थोरल्या भावाला हाक मारावी तसं म्हणाली, "मग तुमचा माझ्याकडे द्या, बायके. घाटात फोन कानाला लावून गाडी चालवायची नाही."

आता वाटेत कुणाच्या तोंडून काही निसटायच्या आत पोरीला तिच्या माणसांत पोचवायचं होतं. आणि गाडी रुसून बसली होती.

केंजेने थर्मासमधला चहा ओतला. आधी त्याला दिला.

"तुमच्या आईने मला पहिल्यांदा घोड्यावर बसवलं होतं," ती म्हणाली. "मी रडत होते. म्हणाली, रड, पण लगाम सोडू नकोस."

"म्हातारी अजून तशीच आहे. परवा फोनवर म्हणते, तुझी गाडी विक आणि घोडा घे, निदान तो बोललेलं ऐकतो. तू आठवण काढलीस म्हणून सांगतो तिला."

केंजे खिडकीबाहेर बघत राहिली. तिचा खांदा हलला. मेदेरने काही न दिसल्यासारखं केलं आणि मनातल्या मनात सुयुन्बायच्या नावाने दुवा मागितली.

समोरून उतरणारी एक जीप करकचून थांबली. गावातला जोलचू. हा माणूस म्हणजे वेशीवरचा नगारा. मेदेर धावतच त्याच्याकडे गेला.

जोलचूने टोपी काढली, त्याला घट्ट मिठी मारली आणि सोडेचना.

"हळू," मेदेर त्याच्या कानात कुजबुजला. "तिला अजून माहीत नाही."

जोलचूने गाडीकडे पाहिलं. मग मेदेरकडे. तोंड उघडलं आणि मिटलं.

"नेहमी एवढा बडबडतोस, आजच कशी बोबडी वळली?"

"माती लागो माझ्या जिभेला," जोलचू म्हणाला. "सांभाळून जा रे. पीठ आणायला चाललोय मी." जीप सुरू करायला त्याला दोनदा किल्ली फिरवावी लागली.

थंड झालेली गाडी खरंच सगळं विसरली होती. वरच्या बोगद्यापर्यंत चढली. पलीकडच्या उतारावर मेंढ्यांचा ट्रक पुढे रेंगाळत होता. या गाडीचं स्टिअरिंग उजवीकडे आणि इथे गाड्याही रस्त्याच्या उजव्या बाजूनेच चालतात. ट्रकच्या पुढचं मेदेरला काही दिसेना. डाव्या सीटवरून केंजे मान काढून बघत होती.

"आता नको, बायके. थांबा. आता चला."

ती म्हणेल तसा तो चालवत राहिला.

गावाखालच्या शेवटच्या चढावर डी विझलाच. लुकलुकला नाही, नुसता गेला. बंद करून पाहिलं, थांबून पाहिलं, शिव्या देऊन पाहिल्या. मग मेदेरने दांडा आरवर टाकला. गाडी झोकात मागे सरकली.

"बघ हिची तऱ्हा! पुढचे सगळे गिअर मेले, मागचा जिवंत."

"मग मागूनच जाऊ," केंजे म्हणाली.

त्याने गाडी वळवली, तिचं बूड गावाकडे केलं आणि चढ चढायला लागला. केंजेला हसू फुटलं. हसता हसता ती हुंदके द्यायला लागली आणि थांबेचना. मेदेरने एक हात तिच्या डोक्यावर ठेवला. "रड, पोरी," तो म्हणाला. "पण लगाम सोडू नकोस."

मान वळवून तो मागच्या धुळकट काचेतून बघत होता. गाव उलटं जवळ येत गेलं. आधी धूर दिसला. मग मरणाच्या घरी अंगणात उभारतात तो लोकरी नमद्याचा गोल तंबू, आणि त्याबाहेर काठ्यांवर वाकून रडणाऱ्या पुरुषांची रांग.

तंबू चुकीच्या अंगणात होता, मेदेरच्या आईच्या. सुयुन्बायचं घर अजून बरंच वर होतं.

"इथेच थांबवा, बायके," केंजे म्हणाली आणि त्याची बाही घट्ट धरली.

रांगेतला एक म्हातारा काठी टेकत खाली आला. त्याने मेदेरच्या बाजूचं दार उघडलं आणि दोन्ही हात पुढे केले. तो सुयुन्बाय होता.

सकाळी केंजेला खरं ते कळवून झाल्यावर तोक्तोसुन मेदेरला फोन लावत होता, तेव्हा सुयुन्बाय त्याच्या शेजारीच बसला होता, आणि काय सांगायचं तेही त्यानेच सुचवलं होतं: "मी गेलो म्हण. बाप गेलेली पोर शेजारी असली की तो घाटात गाडी जपून चालवेल."