मल्लव्वाला विचार

पुण्याहून आलेल्या त्या पत्राला नरसिंगरावांनी दोन महिने उत्तर दिलं नव्हतं. एकेक ओळ पाठ झाली होती.

‘आपला रहस्यखेळ आम्ही प्रकाशित करू इच्छितो. मात्र चाचणीत वीस खेळाडूंपैकी एकानेही मल्लव्वाला काही विचारले नाही. त्यामुळे रहस्य कुणालाच सुटले नाही. हे पात्र काढून तिची माहिती फौजदाराच्या तोंडी द्यावी. सोबतच्या करारावर सही करून पाठवावी.’

खेळ नुसता शब्दांचा. पडद्यावर मजकूर येतो, खेळणाऱ्याने हुकूम टाइप करायचा. ‘बैठक बघ.’ ‘फौजदाराला विचार.’ जन्मभर राजेश्वर गावच्या वाचनालयात दुसऱ्यांची पुस्तकं लावलेल्या माणसाचं पहिल्यांदाच स्वतःचं काहीतरी लोकांपुढे जाणार होतं. एका सहीचा प्रश्न होता. आणि वीस माणसं थोडीच चुकतील? आपलंच चुकलं असणार. त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

“सही करायलाव, का पुन्हा ठेवून द्यायलाव?” सुपात तूर पाखडत त्यांच्या पत्नी विमलबाईंनी विचारलं.

“वीस जणांना जमलं न्हाई गं.”

“मला वाचून दावा. एकविसावी मी.”

नरसिंगराव चाचरत वाचू लागले. जगदेवप्पा वारलेत. त्यांच्या मागे कुणी नाही. एक माणूस येतो, म्हणतो वीस वर्षांपूर्वी गाव सोडलेला त्यांचा पुतण्या मीच, मळा माझा. ‘इथंच, याच मळ्यात, बापाच्या चितेला मी अग्नी दिला,’ म्हणून डोळे पुसतो. खरा, की तोतया? घरात फौजदार आहे, वकील आहे, दोघंही परमुलखातले. अंगणात झाडणारी मल्लव्वा आहे.

“फौजदाराला विचारू?”

“त्यो काल आलाय. त्याला काय ठावं? झाडणारीला विचारा की.”

नरसिंगरावांची बोटं थबकली. “तिलाच कामून?”

“माझी माय तेवीस वर्षं एका घरात झाडलोट केली. कोन आलं, कोन गेलं, समदं तिला ठावं. त्या घरात दोनदा पोलीस आले. चहा पिऊन गेले. तिला एकदा बी विचारले न्हाईत.”

त्यांनी टाइप केलं. पडद्यावर मल्लव्वा बोलली: ‘या घरात मेल्याला जाळत न्हाईत. बसवून पुरतात. ह्यो ज्याला बाप म्हणतोय, त्याला बी पुरलं, तवा मूठभर माती मी बी टाकले.’

“धरा मेल्याला!” विमलबाई म्हणाल्या. “आन् ते तुमचे वीस जण काय झोपले हुते व्हय?”

नरसिंगरावांनी कागद ओढला. ‘क्षमस्व’ लिहिलं, खोडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. तिसऱ्या कागदावर तो शब्द आलाच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पाकीट टपालपेटीत टाकलं. आत सही न केलेला करार होता आणि चार ओळी:

‘मल्लव्वा राहील. जो तिला विचारणार नाही, त्याला रहस्य सुटणार नाही. मी खेळ तसाच रचला आहे. एक पात्र कमी करावे, ही आपली सूचना मात्र मान्य. फौजदार काढला आहे.’