दुसरी जात

कोकिळेने भिंगाखालचा भुंगेरा सुईच्या टोकाने उताणा केला. तांदळाच्या दाण्याएवढा जीव. काळा, पाठीवर हिरवट झाक. शेजारी दुसरा, अगदी तसाच.

"पुढचे पाय बघ," हरेश्वर मास्तर म्हणाले. मोतीबिंदूने त्यांचे डोळे गेले होते, तरी भिंग कुठे धरलंय ते त्यांना बरोबर कळत होतं. "एकाची पावलं रुंद, एकाची बारीक. एकोणीसशे बारापासून, बावीस वर्षांत, मधला एकही सापडला नाही. म्हणजे जाती दोन."

उद्याच्या आगबोटीने दोन्ही जातींच्या डब्या मुंबईला जाणकारांकडे जायच्या होत्या, सोबत मास्तरांचा लेख: दिवेआगरच्या पुळणीवरची नवी जात. त्याआधी कुणीतरी डोळ्यांनी खात्री करायला हवी होती. मास्तरांनी आपल्या जुन्या विद्यार्थिनीला, कोकिळेला, बोलावून घेतलं. ती आता बी.एस्सी. झाली होती.

नऊ वर्षांची असताना ती याच ओटीवर रिकामी काड्यापेटी घेऊन यायची. मग ओल्या वाळूवरून मास्तर पुढे, ती मागे. काही सापडलं की ते म्हणायचे, "आधी मोज, मग बोल." पाय सहा. मिशीची पेरं अकरा. गावातल्या दुसऱ्या कुठल्या मुलीला हे ठाऊक नव्हतं, आणि त्याचा तिला केवढा ताठा होता!

तिने आजही मोजलं. मग स्पिरिटमधले बारा काढून एकेकाचं पोट उघडलं. बारीक पावलांच्या सहांच्याही पोटात अंडी होती. रुंद पावलांच्या एकाच्याही नव्हती.

तिने सुई खाली ठेवली.

"काय गं?"

"मास्तर, जाती दोन नाहीत."

"मग पावलं?"

रुंद पावलं कशासाठी असतात ते तिने कॉलेजात पाठ केलं होतं, इंग्रजीत. मास्तरांसमोर मराठीत ते तोंडातून निघेना. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"नवराबायको आहेत ते," मागून आवाज आला.

दारात मास्तरांची बायको, सोनाबाई, चहाचे पेले घेऊन उभ्या होत्या. "रुंद पायांचा तो नवरा. तिला धरून ठेवायला लागतात. पाठीवर बसतो ना मेला."

"तुला कुणी सांगितलं?" मास्तरांनी विचारलं.

"सांगायला कशाला हवं? चुलीसाठी सुरूचा वाळका पातेरा गोळा करायला जाते ना मी पुळणीवर! पावलापावलाला दिसतात."

"बावीस वर्षं?"

"त्याच्याही आधीपासून."

"आणि मला बोलली नाहीस!"

"इश्श! असलं काय बोलायचं नवऱ्याशी?" सोनाबाईंचा आवाज खाली आला. "तुम्ही आपले त्याला या डबीत, तिला त्या डबीत. वाईट वाटायचं हो मला."

कोकिळेने ओठ आवळून हसू दाबलं. मास्तर हसले नाहीत. त्यांनी चाचपडत लेखाची पानं शोधली, कडा जुळवून सारखी केली आणि मांडीखाली सरकवली. मग त्यांनी दाराकडे तोंड वळवलं.

"अजून काय काय बघितलंयस?"

सोनाबाईंनी आधी कोकिळेकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. पेले खाली ठेवून त्या उंबऱ्यावरच टेकल्या.

"कुठून सांगू?" त्या म्हणाल्या.