खरखर काढलेली टेप

"टेपच बरी, डीव्हीडीच्या भानगडीत पडू नकोस," असं थोरला दादा परोपरीनं सांगत होता. तरी लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवशी श्रीरंगनं लग्नाच्या कॅसेटची डीव्हीडी करून आणलीच. दुकानदारानं खरखर काढून आवाज लख्ख केला होता.

बायकोला, कुंदाला शेजारी आणि दादाला समोर बसवून त्यानं टीव्ही लावला. भटजींचा शब्द न् शब्द ऐकू येत होता, बांगड्यासुद्धा किणकिणत होत्या. श्रीरंग हरखून गेला.

शेवटचं मंगलाष्टक सुरू झालं आणि अगदी कानाशी एका पुरुषाला हुंदका फुटला. मग दबका आवाज आला, "कुंदा, तुला विचारायला मी फार उशीर केला गं."

श्रीरंगच्या हातातला पेढा हातातच राहिला. माइक कॅमेऱ्यालाच असतो, आणि लग्नात कॅमेरा दादाच्या खांद्यावर होता. आजवर बिनलग्नाच्या राहिलेल्या दादाच्या. तो समोरच मान खाली घालून बसला होता.

श्रीरंगनं बायकोकडे पाहिलं. ती दचकलीसुद्धा नव्हती. रिमोट उचलून तिनं टीव्ही बंद केला.

"भाऊजी बरोबर सांगत होते," ती म्हणाली. "टेपच बरी होती."