दोन जबाब

"दोन्ही जबाब तुमचेच घ्यायचेत, काकू." हवालदार पाष्टे खुर्चीच्या कडेवर टेकत म्हणाले. "कैद्याची आई तुम्हीच, मयताची आईपण तुम्हीच. माझ्या अख्ख्या नोकरीत असं पहिल्यांदाच."

"माझ्यासुद्धा जन्मात," उमाताई म्हणाल्या.

गुरुप्रसादच्या मुदतपूर्व सुटकेचा प्रस्ताव आला होता. उमाताईंचा हा धाकटा. थोरला दत्तात्रेय. आंब्याच्या बागेतला हद्दीचा दगडी गडगा कुणी हातभर आत सरकवला, यावरून दोघांची जुंपली आणि गुरूच्या हातात कोयता होता. त्याच गडग्याचे चिरे लहानपणी दोघांनी मिळून वाहिले होते, एकमेकांच्या डोक्यावरची चुंबळ नीट करत. गुरूला जन्मठेप झाली. दत्ताच्या बायकोने पुढे दुसरं लग्न केलं. त्यांची मुलगी मनस्विनी आजीकडेच राहिली.

तुरुंगातून फोन येतो. वयाबरोबर गुरूचा आवाज थेट दत्तासारखा झाला आहे. एकदा मनस्विनीने फोन उचलला आणि "बाबा?" म्हणाली. तेव्हापासून फोन वाजला की ती परसात निघून जाते.

"तर पहिला जबाब. सुटून आला तर घरी घ्याल?"

"घेईन. त्याच्या खोलीला रंगसुद्धा काढून झाला."

पाष्टेंनी लिहिलं. पान उलटलं. "आता मयताची आई म्हणून. सुटकेला काही हरकत?"

"नाही" असंच म्हणायचं उमाताईंनी ठरवलं होतं. तोंड उघडलं आणि नजर मनस्विनीकडे गेली. ती लॉ कॉलेजचा निबंध लिहीत बसली होती. भारत आणि पाकिस्तान, दोन देशांतल्या शिक्षांची तुलना.

"मनू, तिकडे पाकिस्तानात काय करतात गो अशा वेळी?"

"कायदा इंग्रजांनी केलेला एकच होता, आजी. मग वाटा फुटल्या. तिकडे जन्मठेप म्हणजे पंचवीस वर्षं. आपल्याकडे मरेपर्यंत, सरकारने सूट दिली तरच सुटका. आणि तिकडे खुन्याला मेलेल्याचे वारस माफ करू शकतात."

"म्हणजे मला तेव्हाच विचारलं असतं?"

"हो."

"मी माफ केलं असतं."

पाष्टेंचं पेन थांबलं. मनस्विनीने मान वर केली नाही. "तिकडे बऱ्याचदा तसंच होतं. घरातलाच मारतो, घरातलेच माफ करतात."

"आणि वारस लहान असला तर?"

"त्याच्या वतीने मोठी माणसं ठरवतात."

दत्ता गेला त्या दिवशी बागेतून उमाताईंनीच मनूला उचलून आणलं होतं. बापाच्या शर्टाचं बटण तिच्या मुठीत होतं. ती मूठ कुणालाही उघडता आली नव्हती.

"आता तू मोठी आहेस," त्या म्हणाल्या. "तू सांग."

"जबाब तुझा आहे, आजी." आवाज शांत होता. पण टेबलाखाली तिच्या हाताची बोटं आत मिटत गेली, नखं तळव्यात रुतेपर्यंत.

"लिहा, हवालदार. हरकत आहे."

"अहो काकू! आत्ताच तर घरी घेईन म्हणालात. खोली रंगवलीत."

"ते गुरूच्या आईने सांगितलं."

मनस्विनी उठून उभी राहिली होती. पाष्टेंनी लिहिलं. मग खालच्या आवाजात म्हणाले, "विचार करा हो. कुणी अडवलं, ते त्याला कळणार."

"कळू दे." उमाताईंनी कागद पुढे ओढला आणि सही केली. "इतकी वर्षं त्याला सांगत आले, बाळा, सरकार सोडत नाही, मी काय करू? आता सरकार सोडतंय. मी सोडत नाही."