लाल शाईतला शब्द

१९७९ साल. पेणच्या घरी श्यामला पाटावर पुठ्ठा ठेवून लिहीत होती आणि दामोदर, तिचा नवरा, मागून वाचत होता. ‘झडप बंद केली जावी.’ तो रोह्याच्या एका रसायनाच्या कारखान्यात होता. यंत्रांपाशी लावायच्या सूचना तो सांगायचा, अक्षर तिचं.

“हे खोड,” तो म्हणाला. “असं लिहिलं की प्रत्येकाला वाटतं, दुसऱ्या कुणाला तरी सांगितलंय. समोरच्याला सांग.”

तिने लिहिलं, ‘झडप बंद करा.’ खाली लाल शाईने, बोटभर उंच, ‘थांबा.’ लिहिताना तिचे कान गरम झाले. त्या घरातल्या सुना नवऱ्याला असं काही सांगत नसत. चहा झालाय. पाणी काढलंय. बस, एवढंच. मिठागरावर जाणारी शेजारीण गोदूबाई कुंपणावरून हसायची, “नवऱ्याशी बोलतेस का भिंतीशी, गो श्यामले?”

त्याच महिन्यात दामोदरला मस्कतहून नोकरीचं बोलावणं आलं.

“जाऊ का?” त्याने विचारलं.

“घरात म्हणतात, अशी संधी सोडू नये.”

“घरात म्हणतात. आणि तू?”

श्यामला तांदूळ निवडत राहिली. त्यात एकही खडा नव्हता.

एसटी स्टँडवर तिने त्याच्या हाती पिशवी दिली. शेजारी सासूबाई उभ्या होत्या. “डबा भरलाय,” ती म्हणाली. “पोह्याचे पापड वेगळे बांधलेत.”

“कुणी बांधलेत?” तो हसून म्हणाला. कंडक्टरने बेल मारली तरी पायरीवर उभा राहून तो तिच्याकडेच पाहत होता. लाल शाईतला तो शब्द तिच्या ओठांशी आला. बस हलली.

सासूबाई त्याची वाट पाहता पाहता गेल्या. गोदूबाई लेकीकडे निडीला गेली, तिथेच वारली. कारखाना बंद पडला. ते पुठ्ठे कुठे गेले, कुणास ठाऊक. दामोदर दोन-दोन वर्षांनी महिनाभर यायचा, पाहुण्यासारखा. कायमचा परतला तेव्हा केस पांढरे झाले होते, आणि मग हळूहळू सगळं विसरू लागला.

आता तो रोज संध्याकाळी पिशवी घेऊन उंबऱ्याशी येतो. मस्कतला जायचंय, बस चुकेल, म्हणतो.

“थांबा,” श्यामला म्हणते.

तो थांबतो. मागे वळून विचारतो, “कुणी सांगितलं?”

“मी सांगतेय.”