खालच्या ओळी

“ईट डन?” अक्का माइकसमोर म्हणाल्या आणि लगेच त्यांनी जीभ चावली.

काचेपलीकडे वादिराजने कपाळाला हात लावला. शेजारच्या हयवदनने, म्हणजे आवाज मुद्रित करणाऱ्याने, चित्र मागे नेलं. सकाळपासून हेच चाललं होतं. कागदावर स्वच्छ मराठीत लिहिलं होतं, “जेवलास का रे बाळा?” अक्का ते घरी पाठ करून आल्या होत्या. पण कानात सिनेमातल्या नातवाचं “हाय अज्जी” पडलं की तोंडातून इंग्रजीच बाहेर येई.

“अक्का, मराठी. मराठीत बोल.”

“सरी, बरं रे. तोंडाला सवय झालीय, त्याला मी काय करू?”

सवय खरीच होती. अहल्याक्का वादिराजच्या आत्या. वडील अक्का म्हणत, म्हणून तोही अक्काच म्हणे. त्यांची मुलगी भार्गवी डॅलसला असते. तिच्या मुलाला, प्रणीतला, मराठी येत नाही. या घराण्याची मराठी बंगळुरात तीनशे वर्षं टिकली आणि विमानात बसल्यावर संपली. दर रविवारी अक्का नातवाशी फोनवर मोजकं इंग्रजी बोलत. ईट डन? स्कूल गुड? गुड बॉय. तो “यस अज्जी” म्हणे आणि फोन आईकडे जाई. अलीकडे तो फोनवर यायचाच बंद झाला होता. अभ्यास असतो म्हणे.

हे बघूनच वादिराजने सिनेमा लिहिला आणि आजीच्या कामाला अक्कांनाच उभं केलं. सिनेमा निवड समितीला आवडला. परदेशातल्या त्या मोठ्या पुरस्काराला देशाकडून एकच सिनेमा जातो. तो हाच, असं ठरत आलं होतं. तेवढ्यात कुणीतरी संवाद मोजले. निम्म्याहून जास्त इंग्रजी निघालं, आणि ते नियमात बसत नव्हतं. आता सिनेमातली, बंगळुरातल्या व्हाइटफील्डच्या आयटी ऑफिसातली माणसं इंग्रजी बोलणार नाहीत तर काय बोलतील? पण इंग्रजी बोलणाऱ्यांचं बक्षीस हवं तर इंग्रजी कमी बोला, असा तो उफराटा न्याय.

वादिराजने नटांच्या हातापाया पडून ऑफिसातले संवाद कन्नड करून घेतले, लिफ्टमधले मराठी. उरला होता हा आजी-नातवाचा फोन. तो मराठीत झाला की सिनेमा नियमात बसत होता. नाही झाला तर संध्याकाळी दुसऱ्या कुणाचं तरी नाव जाणार होतं. ज्या मोडक्या इंग्रजीसाठी सगळा खटाटोप केला, तेच तो आज स्वतःच्या हाताने पुसत होता. पुरस्काराचा आनंद केव्हाच विटला होता. त्याला फक्त घरी जाऊन झोपायचं होतं.

पडद्यावर अक्का पाठमोऱ्या बसून अवरेकाईच्या शेंगा सोलत होत्या. फोन परातीला टेकवलेला. तोंड दिसत नव्हतं, त्यामुळे ओठ जुळवायची कटकट नव्हती.

“अम्मा, इन्नोंदु सल,” हयवदन म्हणाला. पुन्हा एकदा.

अक्कांनी कानावरचा हेडफोन सरकवला.

“वादिराजा, स्वल्प थांब. त्या पोराला मराठी येत नाही की रे. मी मराठीत बोलले तर त्याला कळायचं कसं?”

वादिराजचा तोल गेला. “त्याला कळून काय करायचंय? बघणाऱ्याला कळलं की झालं. तू बोलशील ते पडद्यावर खाली इंग्लिशमध्ये लिहून येतं. अमेरिकेतला कुणीही वाचू शकतो.”

“मी बोलेन ते सगळं?”

“सगळं.”

“चुका न होता? चांगल्या इंग्लिशमध्ये?”

“हो गं अक्का. चल, घे आता.”

अक्कांनी पदराने चष्मा पुसला. हातातल्या कागदाची घडी करून तो पिशवीत टाकला. चित्र सुरू झालं. “हाय अज्जी,” सिनेमातला नातू म्हणाला. सिनेमात त्याचं नाव नील होतं.

“प्रणीता,” अक्का म्हणाल्या.

हयवदनचा हात बटणाकडे गेला. वादिराजने तो धरला.

“प्रणीता, जेवलास का? राहू दे, ते मी दर वेळी विचारते. तू एवढासा असताना इथे आला होतास. मी अवरेकाई सोलत बसले की दाणे माझ्या पदरात लपवायचास आणि मग घरभर शोधायचास. तुला नसेल आठवत. मला रोज आठवतं. तुला वाटत असेल, अज्जीला एवढंच सुचतं, ईट डन, स्कूल गुड. मला खूप सुचतं रे. इंग्लिशमध्ये येत नाही म्हणून गुड बॉय म्हणते आणि गप्प बसते. तू फोनवर येत नाहीस त्याचा मला राग नाही. तेच तेच ऐकायला कोण येईल? पण अज्जी तशी नाही रे. आईला विचार, मी किती बोलते, कशी हसवते ते. एकदा मराठीतली अज्जी बघ तरी...”

चित्र संपलं. पडदा काळा झाला. अक्का बोलतच होत्या. हयवदनने यंत्र बंद केलं नाही आणि वादिराजनेही त्याला सांगितलं नाही. त्याचे डोळे भरून आले होते.

बऱ्याच वेळाने अक्का थांबल्या. हेडफोन काढून काचेजवळ आल्या आणि ओशाळून म्हणाल्या,

“वादिराजा, जास्त झालं का रे? एवढं सगळं मावेल ना खाली?”